लाल पैलवान, निळा पैलवान आणि माझी जीभ

लग्न होऊन मी डिंडोलीत आले तेव्हा सुरतेत मला दोनच माणसं ओळखीची होती, नवरा आणि थोरले दीर. नवरा दिवसभर कामावर असायचा आणि थोरल्या दिरांशी मी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्या शिरपूरकडच्या घरांत धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी तोंडावर बोलायचं नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, ताट वाढायचं आणि दाराआड उभं राहायचं. त्यांनाही माझ्याशी थेट बोलता येत नसे. आणखी भाकरी हवी असली की ते बिचारे भिंतीकडे बघून विचारत, "भाकर शे का?" आणि भिंतीच्या वतीने मी ती आणून वाढे. जाऊबाई मुलांना घेऊन गावी राहायच्या, त्यामुळे दादा, म्हणजे हे थोरले दीर, शेजारच्या खोलीत एकटेच असत आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवत. दोन्ही खोल्या त्यांनीच घेतलेल्या, तेव्हा घरात शब्दही त्यांचाच चाले. तो तोंडातून फारसा निघत नसे, ही गोष्ट वेगळी.

मी मात्र बोलक्या घरातली. माहेरी अंगणात पंधरा बायका एकाच वेळी बोलत आणि तरी प्रत्येकीला दुसरीचं सगळं कळे. इथे माझ्यापुढे साड्यांचा ढीग असायचा. मार्केटातून गठ्ठा यायचा, भरतकामाच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची आणि गठ्ठा परत द्यायचा. पहिले दोन महिने मी त्या साड्यांशी बोलले. साडी सगळं ऐकून घेते, पण हसत नाही. मला कोणीतरी हसायला हवं होतं. आज लिहिताना हे साधं वाटतं, पण तेव्हा दुपारी कधीकधी घसा दुखेपर्यंत रडू यायचं.

मग नवऱ्याने मशीन आणलं.

नवरा वायरमन होता. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात, तशा चार-पाच खात्यांमधलं विजेचं काम त्याच्याकडे असे. शहरात व्हिडिओ गेमचं एक दुकान बंद होत होतं. तिथलं बिघडलेलं मशीन ह्याने हातगाडीवर घालून आणलं, आमच्या खोलीत दाराच्या आत उभं केलं आणि चार संध्याकाळी त्याच्या पोटात डोकं खुपसून चालू केलं. कपाटाएवढं उंच, समोर काच, खाली दोन दांड्या आणि बटणांच्या दोन रांगा. नाणं टाकलं की पडद्यावर दोन पैलवान येत, एक लाल चड्डीतला आणि एक निळ्या. लाल अंगाने दांडगा, एका ठोशात समोरच्याला लोळवणारा. निळा सडपातळ, उड्या मारमारून जीव नकोसा करणारा. त्यातला एक आपण निवडायचा आणि मशीन पाठवेल त्या राक्षसांशी लढायचं. जितके राक्षस पडतील तितके मार्क.

दादांनी मशीन पाहिलं, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि भावाला म्हणाले, "ठेवस तं ठेव. पन दारमा मारामारी व्हयनी, तं हाई त्याच दिन भंगारमा जाई." आणि खात्यांना सुट्टी असेल त्या दिवशी ते घरी असतात, त्यांना शांतता लागते, तेव्हा त्या दिवशी मशीनवर चादर टाकायची. बस, एवढंच बोलले. पण त्यांचं बोलणं मोजकं असल्यामुळे ते बदलतही नसे. मारामारी झाली की मशीन गेलं, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

गिऱ्हाईक म्हणजे लूमवरचे कारागीर. सात ते सात अशा दोन पाळ्या चालत. दिवसपाळी संपली की संध्याकाळी साडेसातला एक टोळी माझ्या दारात येई आणि रातपाळी संपवून सकाळी साडेसातला दुसरी. संध्याकाळची टोळी परभणीकडची. त्यांचा म्होरक्या एक उंच, वाळका माणूस होता, दारातून आत येताना दरवेळी वाकायचा आणि तरी कपाळ आपटून घ्यायचा. सकाळची टोळी आमच्याच खानदेशातली, तिचा म्होरक्या चांगला झुबकेदार मिशांचा. परभणीवाल्यांनी पहिल्याच दिवशी लाल पैलवान धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कळताच खानदेशवाल्यांनी निळा धरला. त्यानंतर लालवाल्यांतला कोणी निळ्याला बोट लावीना आणि निळ्यावाले लालकडे बघेनात. मशीनला दोन दांड्या होत्या, दोघं समोरासमोर लढू शकत होते, पण एकाच टोळीतल्या दोघांनी दोन रंग घ्यायचे म्हणजे घरभेदीपणा. लाल आणि निळा हे दोन पैलवान आमच्या मशीनवर एकमेकांना कधी भिडलेच नाहीत.

गंमत अशी की उंच आणि मिशीवाला ह्यांचे माग एकच होते. उंच जे माग दिवसा चालवी, तेच रात्री मिशीवाला चालवी. तीन वर्षं अशी जोडी होती. पण लूमच्या खात्यात आवाज एवढा की कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि माग चालू ठेवूनच एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचा. म्हणून हाताने खुणा करायच्या, मान हलवायची आणि निघायचं. तीन वर्षांचे जोडीदार, आणि बोलणं म्हणाल तर कपाळाला हात लावण्यापुरतं.

तर मग बोलणार कोणामार्फत? माझ्यामार्फत.

मार्क मी खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहीत असे, कारण वीज गेली की मशीन सगळं विसरून जाई. मार्कांत मी कधी एका आकड्याचंही खोटं केलं नाही, हे आधीच सांगते. खोटं केलं ते निरोपांत.

पहिला निरोप उंचाने दिला. "वैनी, सकाळच्यान्ला सांगा, आमचे बारा हजार झाले." झालं. एवढाच. सकाळी मिशीवाला आला, त्याने दारावरचा आकडा वाचला आणि विचारलं, "काय म्हनतस त्या?" तोंडावर झोप, डोळे लाल, कानात अजून लूम वाजत असणार. मला त्याची दया आली, आणि नुसतं 'बारा हजार झाले' हे काय सांगायचं? ते तर दारावर लिहिलेलंच होतं. मी कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ते म्हणाले, बारा हजार झाले. आता तुमच्या निळ्याला पावडर लावा, भांग पाडा आणि बालवाडीत घाला."

असा हशा उसळला की शेजारची कोंबडी बिचकून पळाली. मिशीवाला हसता हसता मशीनला टेकला, डोळे पुसले, नाणं टाकलं आणि दात-ओठ खाऊन खेळायला लागला. दोन महिन्यांनंतर माझ्या घरात कोणीतरी हसलं होतं, आणि ते माझ्या बोलण्यावर हसलं होतं. मला जो काही आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. त्या दिवशी मी धागे कापता कापता गाणं म्हणत होते.

खेळून झाल्यावर मी त्यांना उलट निरोप विचारला. मिशीवाल्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "सांगा, बरं शे." आता हा काय निरोप झाला? संध्याकाळी लालवाल्यांना मी सांगितलं, "ते म्हणाले, लाल पैलवान एवढा जड आहे की पडला तर उचलायला बारडोलीहून उसाचा ट्रक मागवावा लागेल." उंच इतका हसला की कपाळ पुन्हा चौकटीवर आपटलं.

आणि मग मला सवयच लागली. कोणी मीठ दिलं की मी मसाला लावायचा, आणि कोणी काहीच दिलं नाही तरी पानात वाढायचं. निळा उड्या मारतो कारण त्याला मुंगळा चावलाय. लालचा हात एवढा हळू की ठोसा लागेपर्यंत राक्षस चहा पिऊन येतो. सकाळ-संध्याकाळ नवं काहीतरी. नवऱ्याला वाटायचं, ही पोरं किती हुशार. मी पदरात तोंड लपवून हसायचे.

माझी लेक आता मोठी झाली आहे. फोनवर गेम खेळताना कोणी अनोळखी माणूस तिला घाण बोलला की ती चिडून मला दाखवते. "आई, ह्यांना ट्रोल म्हणतात, ह्यांना दुसऱ्याला चिडवल्याशिवाय चैनच पडत नाही." मी गंभीर चेहरा करून मान हलवते. ह्या विषयात तिची आई कोरी नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिला फोनवर येतात तसले घाण शब्द माझ्या दारात मात्र चालत नव्हते. त्याला काही नियम करावा लागला नाही. वहिनी समोर बसली आहे म्हटल्यावर आमच्या लोकांच्या तोंडात शिवी येते आणि तिथेच विरघळते. चिडवायचं तेवढं चिडवा, वहिनीचा तो हक्कच आहे, पण तिच्यासमोर आया-बहिणी काढायच्या नाहीत. एकदाच कोणीतरी शक्कल लढवली. सकाळी मी पाहते तर मशीनच्या बाजूवर खडूने निळ्या टोळीच्या आयांचा उद्धार केलेला. मी ओलं फडकं घेऊन ते पुसलं. संध्याकाळी लालवाले आले तेव्हा दारातच सांगितलं, "ज्याने कोणी लिहिलं असेल त्याने ते इथे उभं राहून मला वाचून दाखवावं. मी शब्दाला शब्द पोहोचवते." कोणी पुढे येईना. त्यांच्यातल्या एका ठेंगण्याचे कान मात्र तांबडेलाल झाले. दुसऱ्या दिवशी तोच ठेंगणा बादली आणि फडकं घेऊन आला आणि त्याने अख्खं मशीन धुऊन काढलं, काच, दांड्या, मागची लाकडी फळीसुद्धा. मशीन लख्ख झालं आणि त्यावर पुन्हा कधी काही उमटलं नाही.

एवढी सगळी शिस्त इतरांना लावणाऱ्या बाईच्या जिभेला हाड नव्हतं, ते कोण बघणार?

त्या आठवड्यात नवरा जेवताना दादांना कापडातल्या दोषांबद्दल काही सांगत होता. ताका म्हणजे मागावरून उतरलेला कापडाचा लांब तुकडा. त्यात कधीकधी धागे एकमेकांत गुंफलेच जात नाहीत, नुसते लोंबत राहतात, त्याला जाळं पडलं म्हणतात. मला तो शब्द फार आवडला. एखादी नवी टिकली मिळावी तसा मी तो जपून ठेवला, लावायची संधी बघत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लालवाले दमलेले होते, कोणी निरोप दिला नाही. "आज काही नाही, वैनी," असं उंच म्हणाला आणि गेला. सकाळी मिशीवाला विचारणार हे मला माहीत होतं. मी तयारीत होते.

"ते म्हणाले, ज्यांना हातातला धागा दिसत नाही त्यांना राक्षसाचा ठोसा काय दिसणार? तुम्ही विणलेला ताका म्हणजे नुसतं जाळं."

कोणी हसलं नाही. मी वाट बघत राहिले, वाटलं झोपेत आहेत, उशिरा कळेल. मिशीवाल्याने बोटांतलं नाणं परत खिशात टाकलं. "आस म्हनना तो?" एवढंच विचारलं आणि उत्तर न ऐकता पायऱ्या उतरला. मागोमाग सगळे गेले. मशीन तसंच एकटं राक्षस दाखवत राहिलं.

काय झालं ते संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं. उंचाच्या आणि मिशीवाल्याच्या मागावरून उतरलेल्या एका ताक्यात खरोखरच मोठं जाळं निघालं होतं. दिवसा पडलं की रात्री, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. खात्याचा मालक, सेठ, चिडला होता, दोघांतल्या एकाला काढतो म्हणत होता. तेव्हा त्या दोघांनी, बोलता येत नाही तरी हाताच्या खुणांनी, ठरवलं होतं की एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. नुकसान दोघांनी मिळून सोसायचं. आणि आता मिशीवाल्याला वाटत होतं की उंच बाहेर गावभर सांगत सुटलाय, जाळं रातपाळीने पाडलं.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. पहिल्या निरोपापासून. तो आधी हसला, मग हसायचं थांबला. "म्हणजे बारडोलीचा ट्रकपण तुझा?" मी मान हलवली. "अगं, मग आता गप्प राहा. दोन दिवसांत विसरतील. बोललीस तर पोरं तुझ्या नावाने ओरडणार, दादांना कळणार आणि मशीन जाणार."

मी गप्प राहिले. दोन दिवस सकाळी कोणी आलं नाही आणि संध्याकाळचे लालवालेही, काहीतरी बिनसलंय हे कळल्यामुळे, पाच मिनिटं खेळून निघून गेले. पुन्हा मी आणि साड्या. मशीन जाणार म्हणजे नेमकं काय जाणार, ते मला त्या दोन दिवसांत नीट कळलं. मला त्या पैलवानांचं काही पडलेलं नव्हतं. सकाळी साडेसातला पायऱ्यांवर चपला वाजायच्या आणि कोणीतरी "वहिनी" म्हणून हाक मारायचं, ते जाणार होतं.

तिसऱ्या दिवशी खात्यांना सुट्टी होती. मशीनवर चादर टाकलेली, दादा दारापुढे खाटेवर बसून शेंगा सोलत होते. दहा वाजता एका बाजूने निळी टोळी आली आणि दुसऱ्या बाजूने, तिने बोलावून घेतलेली, लाल. दोन्ही टोळ्या मी एकत्र पहिल्यांदाच पाहत होते. बारा-तेरा माणसं, कोणाच्या बाह्या वर सरकवलेल्या, ठेंगण्याने तर कमरेचा पट्टा काढून हातात गुंडाळला होता. नवरा धावत बाहेर गेला. मी पदर ओढून दाराआड उभी.

मिशीवाला उंचाच्या छातीपर्यंतच येत होता. त्याने मान वर करून विचारलं, "मनं काम जाळं म्हननास तू? गावले सांगत फिरस?"

"म्या?" उंच म्हणाला. "म्या कवा म्हणलो? अन् कामून म्हणीन?"

"खोटं बोलू नको. वहिनीले इचार."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कोणीतरी कोणाला तरी ढकललं, ठेंगण्याचा हात वर गेला, खाटेवरचं शेंगांचं ताट खणखणत खाली पडलं. दादा उठून उभे राहिले. नवरा घाईघाईने म्हणाला, "अरे, निरोप सांगताना काही चुकलं असेल, ऐकण्यात काही..." आणि त्याचं धाबं दणाणलेलं माझ्या कानांना स्पष्ट ऐकू आलं. अजून एक धक्का बसला असता तर मारामारी झाली असती. मारामारी झाली तर मशीन जाणार. मी बोलले तरी ते जाणार, आणि तेही जेठासमोर तोंड उघडून. मग बोलूनच जाऊ दे, असं वाटलं. निदान ह्या दोन माणसांनी तीन वर्षांत मिळवलेलं तरी राहील.

मी उंबऱ्याबाहेर आले. "ते मी म्हणाले."

माझा आवाज मलाच केवढा मोठा वाटला. ठेंगण्याचा हात हवेतच राहिला. दादांनी मान वळवली. सहा महिने त्यांनी माझ्या हातचं खाल्लं होतं, पण समोरासमोर माझा आवाज ते पहिल्यांदा ऐकत होते.

"ह्यांनी त्या दिवशी काहीच निरोप दिला नव्हता," मी उंचाकडे बोट दाखवून म्हणाले. "मी माझ्या मनाने बनवला. तुमच्या ताक्याचं मला काही माहीत नव्हतं. ज्याला मारायचं त्याने मला मारा."

वहिनीला मारणार कोण? सगळे खाली बघायला लागले. उंचाने हळूच विचारलं, "वैनी, मंग ते उसाच्या ट्रकचं?"

"माझं."

"मुंगळ्याचं?" मिशीवाल्याने विचारलं.

"तेपण माझंच."

"बालवाडी?"

"बारा हजार लालवाल्यांचे खरे, दारावर लिहिलेले. बालवाडी माझी."

उंच डोकं खाजवायला लागला. "पण राक्षस चहा पिऊन येतो, ते तं ह्या लोकांचंच असंल. ते लई भारी होतं. म्या गावाकडं चिठ्ठीत लिहिलं."

"मग आमी काय म्हननूत?" मिशीवाल्याने एकदम विचारलं. "आमी रोज निरोप देतच व्हतूत ना?"

"तुम्ही रोज एकच निरोप द्यायचा," मी म्हणाले. "बरं शे."

पहिला हसला तो ठेंगणा. पट्टा हातातून सुटून खाली पडला आणि तो पोट धरून खालीच बसला. मग एकेक करत सगळेच. उंच आणि मिशीवाला एकमेकांकडे बघत होते आणि हसू आवरत नव्हतं. उंचाने मिशीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "म्या सेठला एक शबूद बोललो न्हाई," आणि मिशीवाला म्हणाला, "माहीत शे रे, आते माहीत शे." तीन वर्षांत ते एकमेकांशी एवढं कधी बोलले नसतील.

दादा मात्र उभेच होते. हळूहळू सगळ्यांच्या ते लक्षात आलं आणि हसणं विझत गेलं. नवऱ्याने मान खाली घातली. मी पदर पुढे ओढला आणि मनातल्या मनात त्या मशीनचा निरोप घेऊन टाकला. दादा खाली वाकले, सांडलेल्या शेंगांतली एक उचलली, फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "आनि माय, मना नावना कितला निरोप बनाडा तू?"

त्यांच्या नावावर मी किती निरोप खपवले, असं ते मला विचारत होते. मला, भिंतीला नाही. आणि जीभ एकदा सुटली होती ती सुटलीच होती.

"एक बी नही, दादा. तुम्ही काही बोलतसच नहीत, तं मीठ कसाले लावू?"

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. दादांचा चेहरा तसाच होता, फक्त खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं शेंगेचा दाणा घशात अडकला. मग त्यांचं हसू बाहेर पडलं, खोकल्यासारखं, वर्षानुवर्षं वापरात नसलेलं. ते डोळे पुसत आत गेले आणि सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने, मशीनवरची चादर काढून घडी घालून खाटेवर ठेवली.

त्या दिवशी लाल आणि निळा पहिल्यांदा एकमेकांना भिडले. एका दांडीवर उंच, दुसरीवर मिशीवाला, मागे दोन्ही टोळ्या एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेल्या. दोघांनाही समोर माणूस असला की कसं लढायचं हे माहीतच नव्हतं. ते राक्षसांना सरावले होते. लाल ठोसा मारायचा तिथे निळा नसायचा आणि निळा उडी मारून पडद्याबाहेर जाऊ बघायचा. कोण जिंकलं ते मला आठवत नाही, मी चहा करत होते. एवढं आठवतं की पातेलं पुरलं नाही, म्हणून दादांनी त्यांच्या खोलीतलं आणून दिलं आणि "साखर कमी टाकजो," असं मला सांगितलं.

त्याच संध्याकाळी सातला खाती पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पायऱ्यांवर चपला वाजल्या. "वहिनी," अशी हाक आली. मिशीवाला दारात उभा होता, डोळे लाल, अंगावर धाग्यांचे बारीक तंतू. त्याने मार्क वाचले आणि रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हनतस त्या?"

"आता काय म्हणणार?" मी म्हणाले. "काल तुम्हीच तर त्यांच्या मांडीला मांडी लावून चहा प्यायलात. निरोपबिरोप काही नाही."

तो नाणं बोटांत फिरवत उभा राहिला. मागची पोरंही उभीच. खेळायला कोणी पुढे होईना. "वहिनी," तो शेवटी म्हणाला, "रातभर मागवर उभं ऱ्हातस ना आमी, तव्हय डोया मिटाले लागतस. तव्हय आमी एकच इचार करतस, सकाये वहिनी काय सांगी. कोन म्हनना, त्यानं काय काम शे आमले? बनाडा ना एखादा."

मी कात्री खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदराने पुसलं. पलीकडच्या खोलीत दादांचा रेडिओ लागलेला असायचा त्या वेळी, तो बंद झाला. मी घसा साफ केला आणि दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तर ते म्हणाले..."